केक बॉलचं गुपित आतल्या गोळ्यात



चॉकलेटमध्ये बुडवलेला केक बॉल तडकला, गळायला लागला, त्याच्यावर पांढुरके डाग आले, की सगळा दोष चॉकलेटच्या माथी मारला जातो. मग दुसऱ्या कंपनीचं चॉकलेट येतं, त्याहून महागाचं येतं, आणि पुढच्या खेपेला बॉल पुन्हा तडकतो. बेकिंगच्या वर्गांत मी हे सतत पाहते, आणि मनापासून हळहळते, कारण साहित्यही वाया जातं आणि करणारीचा हुरूपही. आज मला तुम्हाला एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. वरच्या चॉकलेटवर ज्या खोडी दिसतात, त्यातल्या बहुतेक आतल्या गोळ्यातून आलेल्या असतात. म्हणून आधी गोळ्याबद्दल सविस्तर बोलू आणि चॉकलेटकडे त्यानंतर वळू. कागद-पेन जवळ असेल तर प्रमाण लिहून घ्या. नसेल तरी चालेल, यातली बरीचशी मापं हातालाच कळतात.

केक बॉल म्हणजे केकचा चुरा, तो बांधण्यापुरतं काहीतरी गोडसर आणि ओलसर, आणि वरून चॉकलेटचं पातळ कवच. अमेरिकेत ‘बेकरेला’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अँजी डडली यांनी २००८च्या सुमारास या गोळ्यांना काड्या लावून केक पॉप लोकप्रिय केले. २०१० मध्ये त्यांचं पुस्तक आलं आणि हा प्रकार जगभर पोचला. पण केकच्या चुऱ्याचा गोळा वळायचा, ही कल्पना बेकरीवाल्यांना त्याच्या कितीतरी आधीपासून माहीत होती. डेन्मार्कच्या बेकऱ्यांत उरलेल्या केक-पेस्ट्रीत कोको आणि रमचा स्वाद घालून गोळे करतात. आपल्याकडे मुंबई-गोव्याच्या बेकऱ्यांत नाताळच्या दिवसांत मिळणारे रम बॉल तुमच्यापैकी अनेकांनी खाल्ले असतील. केक सारखा करताना कापलेल्या कडा, वर आलेला घुमट, साच्याला चिकटून तुटलेला भाग, हे सगळं टाकून द्यायचं कसं, या काटकसरीतून हा पदार्थ आला आहे. मला तो आवडतो तो त्यामुळेच. तुमचा केक मधोमध बसला, साच्यातून काढताना तुटला, तर वाईट वाटून घेऊ नका, त्याचे उत्तम केक बॉल होतात.

मात्र एक अट आहे. केक बसला असेल तर चालेल, कच्चा राहिलेला चालणार नाही. मधला भाग चिकट, पिठूळ लागत असेल तर तो काढून टाका. कच्चा मैदा आणि कच्चं अंडं पोटाला बाधू शकतं, आणि चॉकलेटमध्ये बुडवल्यावर ते पुन्हा भाजलं जात नाही. तसंच वाढदिवसाच्या केकवरचं व्हिप क्रीम दिवसभर बाहेर राहिलेलं असेल, तर तो केक यासाठी वापरू नका.

मुद्दाम केक करायचा असेल तर बिनअंड्याचा, दह्यातला साधा केक यासाठी फार चांगला. दीड कप मैदा, पाऊण कप पिठीसाखर, एक कप ताजं घट्ट दही, अर्धा कप तेल, सव्वा चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा खायचा सोडा, चिमूटभर मीठ आणि चमचाभर व्हॅनिला. चमचा म्हणताना मी लहान, चहाचा चमचा म्हणते आहे. दही, साखर आणि सोडा एकत्र फेटून पाच मिनिटं ठेवा, बुडबुडे आले की तेल आणि व्हॅनिला घाला, मग मैदा, बेकिंग पावडर आणि मीठ चाळून मिसळा. १८० अंश सेल्सिअसला तापवलेल्या ओव्हनमध्ये ३५ ते ४० मिनिटं लागतात. ओव्हन नसेल तर जाड बुडाचा कुकर घ्या, शिट्टी आणि रबर काढा, पाणी अजिबात न घालता तळाशी मिठाचा थर आणि त्यावर जाळी ठेवून मंद आचेवर केक भाजा. त्याला थोडा जास्त वेळ लागेल. सुरी खुपसल्यावर कोरडी निघाली की झाला.

आणि मग थांबा. केक पूर्ण गार होऊ द्या, जमलं तर आदल्या रात्री करून झाकून ठेवा. गरम केक कुस्करला तर त्यातली वाफ चुऱ्यातच जिरते, चुरा लगदट होतो, आणि त्यात पुढे किती ओलावा घालायचा याचा अंदाज पार चुकतो. गार झालेल्या केकचा वरचा आणि कडेचा तपकिरी भाग सुरीने पातळसा काढा. तो चवीला छान लागतो, खुशाल खाऊन टाका, पण चुऱ्यात नको, कारण त्याचे कडक कण कवचाखालून टेंगळासारखे वर येतात.

आता चुरा. मिक्सरमध्ये घालायचा मोह होतो, पण मिक्सरच्या पात्यात केक गरम होतो, त्यातलं तेल सुटायला लागतं आणि खाली गोळाच जमतो. परातीत घेऊन दोन्ही हातांच्या बोटांनी चोळा, नाहीतर किसणीवर किसा. रव्यापेक्षा थोडा जाडसर, मोकळा, कुठेही खडा नसलेला चुरा हवा. असा ५०० ग्रॅम चुरा आपण धरू या.

हा चुरा बांधायला कुणी बटरक्रीम घालतं, कुणी गनाश, कुणी क्रीम चीज, कुणी जॅम. आपल्या हवेत मला कंडेन्स्ड मिल्क किंवा गनाश सोयीचं वाटतं. गनाश म्हणजे गरम क्रीममध्ये तितक्याच वजनाचं चॉकलेट विरघळवून केलेलं मऊ मिश्रण. क्रीम चीज चवीला सुरेख, पण त्याचे बॉल फ्रिजबाहेर ठेवता येत नाहीत. घालायचं किती, याचं एकच ठरीव उत्तर नाही. काही पाककृतींत ‘अर्धा डबा कंडेन्स्ड मिल्क घाला’ असं सरसकट लिहिलेलं असतं, आणि तिथेच गाडी रुळावरून घसरते. तुमचा केक मुळात किती ओलसर आहे, त्यात तूप-तेल किती आहे, यावर ते अवलंबून असतं. मावा केकला फार थोडं लागतं. साखरेचा पाक पाजलेल्या स्पंजला काहीच लागणार नाही. दोन दिवस उघडा राहून सुकलेल्या केकला जास्त लागेल. आपल्या ५०० ग्रॅम दह्याच्या केकच्या चुऱ्याला सुरुवात तीन मोठे चमचे कंडेन्स्ड मिल्कने, म्हणजे साधारण ६० ग्रॅमने करा. बोटांच्या टोकांनी वरखाली करून मिसळा. कणीक मळल्यासारखं मळू नका, मळलं की गोळा चिवट होतो. रव्याच्या लाडवाचं मिश्रण कोरडं वाटलं तर आपण दुधाचा हबका मारतो, वाटीभर दूध ओतत नाही, तसंच इथे पुढचं कंडेन्स्ड मिल्क एकेक छोटा चमचा घाला. १०० ग्रॅमच्या पुढे जायची वेळ सहसा येत नाही.

कधी थांबायचं ते असं ओळखा. मूठभर चुरा घेऊन घट्ट दाबा आणि मूठ उघडा. बोटांचे ठसे गोळ्यावर स्पष्ट उमटलेले दिसले पाहिजेत. आता अंगठ्याने मधोमध दाबा. गोळा दुभंगून त्याचे दोन तुकडे झाले, तर तो बरोबर जमला. भुसभुशीत होऊन ढासळला तर अजून चमचाभर हवं. चपटा होऊन अंगठ्याला चिकटला तर जास्त झालं, त्यात आणखी चुरा घालावा लागेल. म्हणूनच थोडा चुरा नेहमी बाजूला काढून ठेवा. तळहाताकडेही एकदा बघा. त्यावर तेलाची चकाकी आली असेल, तर मिश्रण जास्त हाताळलं गेलं आहे किंवा गरम झालं आहे. ते अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा आणि मग पुढे जा.

ओलाव्यावर मी एवढा भर का देते? कारण ओलसर गोळा काही तासांतच खाली बसतो, त्याचा तळ चपटा होतो आणि कवचाला आतून ताण बसतो. कवचाला सुईच्या टोकाएवढं छिद्र जरी राहिलं असलं, तरी त्यातून साखरेचा चिकट पाक हळूहळू बाहेर येतो. सकाळी डबा उघडल्यावर बॉलवर मधासारखा थेंब दिसतो ना, तो हाच. काडी लावलेला पॉप असेल तर ओला गोळा काडीवरून घसरतो आणि चॉकलेटच्या भांड्यात पडतो. आणि ओल जास्त म्हणजे बुरशीही लवकर. उलट गोळा फार कोरडा राहिला तर त्याला बारीक भेगा पडतात आणि त्या भेगांत हवा अडकते. बॉल गार असताना बुडवला आणि मग खोलीच्या हवेला आला, की ती हवा प्रसरण पावते आणि कवचातून वाट शोधते. तडा, छिद्र, गळती, तिन्हींचं मूळ इथे आहे.

म्हणून वळतानाही घाई करू नका. वजनकाटा असेल तर २५ ग्रॅमचा एकेक भाग करा. एवढ्या मिश्रणाचे २२ ते २४ बॉल होतील. सगळे एका आकाराचे असले की सारखे गार होतात आणि कवचही सारखं बसतं. प्रत्येक भाग आधी मुठीत दोन-तीनदा घट्ट दाबा, म्हणजे आतली हवा निघून जाईल, आणि मगच दोन तळहातांत गोल फिरवा. आधीच फिरवायला घेतलं तर वरून गुळगुळीत दिसतो, आत मात्र पोकळ राहतो. शेवटी उजेडाकडे धरून बघा. भेग दिसली तर बोटाने पुसून घ्या. गोळ्यावरची भेग चॉकलेटने झाकली जाईल या आशेवर राहू नका.

यानंतर गोळे गार करायचे. फ्रीजरमध्ये रात्रभर ठेवलेले, दगडासारखे झालेले गोळे थेट चॉकलेटमध्ये बुडवले तर काय होतं पाहा. गोळा उणे १८ अंशांच्या आसपास, चॉकलेट ३५-४० अंशांना. चॉकलेट त्या थंडीने क्षणात आवळून घट्ट बसतं. पुढच्या अर्ध्या-पाऊण तासात आतला गोळा हवेच्या तापमानाला येतो, फुगतो, आणि आवळलेलं कवच त्याला सामावून घेऊ शकत नाही. तड आवाज होतो आणि कवचावर एक उभी चीर जाते. म्हणजे चॉकलेट उत्तम होतं, बुडवलंही नीट होतं, तरी बॉल फुटला. दुसरं टोक म्हणजे गोळा अजिबात गार न करता बुडवणं. मग तो कोमट चॉकलेटमध्ये सैल पडतो, भांड्यात चुरा सुटतो आणि उरलेलं सगळं चॉकलेट खरखरीत होतं.

मधला मार्ग सोपा आहे. वळलेले गोळे झाकणाच्या डब्यात भरून तास-दीड तास फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीजरमध्ये नको. बुडवायच्या आधी पाच-सात मिनिटं बाहेर काढा. गोळा हाताला गार लागला पाहिजे, दाबल्यावर दबता कामा नये, पण बोटं गारठतील इतका थंडही नको. पावसाळ्यात, आणि मुंबई-कोकणात तर बारा महिने, आणखी एक काळजी घ्या. दमट हवेत गार गोळ्यावर दव धरतं. त्या ओलसर गोळ्याला चॉकलेट धरत नाही आणि त्यावरचं पाणी चॉकलेटच्या भांड्यात उतरतं. एका वेळी पाच-सहाच गोळे बाहेर काढा, बाकीचे डब्यात बंदच राहू देत. पंख्याखाली काम करा, आणि दव दिसलंच तर स्वच्छ कोरड्या रुमालाने हलकेच टिपून घ्या.

आता चॉकलेट. दुकानात गेल्यावर वेष्टनाची मागची बाजू वाचा. घटकांत कोको बटर असेल आणि दुसरी वनस्पती चरबी नसेल, किंवा अगदी नावापुरती असेल, तर ते खरं चॉकलेट. कोको पावडरीबरोबर हायड्रोजनेटेड वनस्पती चरबी, पाम कर्नलची चरबी असं लिहिलं असेल तर ते कंपाउंड. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक स्वस्त लाद्या कंपाउंडच्याच असतात. फरक चवीपुरताच नाही, वागण्याचाही आहे.

कोको बटर गोठताना त्याचे स्फटिक बनतात, आणि ते एकाच प्रकारचे नसतात. विल आणि लटन या संशोधकांनी १९६६ मध्ये या स्फटिकांची सहा रूपं दाखवून दिली. त्यातलं पाचवं रूप आपल्याला हवं असतं. त्यानेच चॉकलेटला तकाकी येते, तोडताना कट्‌ असा आवाज येतो आणि सुमारे ३४ अंशांना, म्हणजे तोंडात गेल्यावर, ते विरघळतं. खरं चॉकलेट नुसतं वितळवून बुडवलं तर स्फटिक कसेही बनतात. मग बॉल मळकट दिसतो, हाताला चिकटतो आणि दोन दिवसांनी त्यावर राखाडी पट्टे उमटतात. हे टाळण्यासाठी चॉकलेटचं टेम्परिंग करावं लागतं. डार्क चॉकलेटपैकी दोन भाग ४५ ते ४८ अंशांपर्यंत वितळवा, खाली उतरवा आणि तिसरा भाग बारीक चिरून थोडाथोडा घालत, ढवळत ते ३१-३२ अंशांवर आणा. मिल्क चॉकलेट २९-३० वर आणि व्हाइट २८-२९ वर आणायचं. नंतर घातलेल्या तुकड्यांत योग्य स्फटिक आधीच असतात, बाकीचे त्यांच्यामागे लागतात. सुरीचं टोक बुडवून बाजूला ठेवा. पाच मिनिटांच्या आत ते चमकदार आणि कोरडं झालं तर जमलं. थर्मामीटरशिवाय याच्या नादी लागू नका.

पण आपल्या हवेचा विचार करा. टेम्पर केलेल्या चॉकलेटला गोठायला २०-२२ अंशांची, कोरडी खोली लागते. मे महिन्यात नागपूर, अकोला, चंद्रपूरला पारा ४५च्या आसपास जातो. ३४ अंशांना विरघळणारी वस्तू त्या हवेत एसीशिवाय टिकणार कशी? म्हणून माझं स्पष्ट मत आहे की शिकताना, आणि उन्हाळ्यात तर नक्कीच, कंपाउंड वापरा. त्याला टेम्परिंग लागत नाही, ते ऊब जास्त सोसतं आणि कवच छान बसतं. कंपाउंड म्हटलं की ट्रान्स फॅटची भीती घातली जाते. जानेवारी २०२२ पासून आपल्या देशात तेल-तुपात आणि त्यांपासून केलेल्या पदार्थांत औद्योगिक ट्रान्स फॅटवर दोन टक्क्यांची मर्यादा आहे. तरीही वेष्टनावरचा ट्रान्स फॅटचा आकडा बघूनच घ्या आणि नाव-पत्ता नसलेली सुटी लादी घेऊ नका. डिसेंबर-जानेवारीत, पुणे-नाशिकच्या थंडीत, एकदा खऱ्या चॉकलेटचे करून बघा. चवीत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

एक मात्र करू नका. चव सुधारावी म्हणून कंपाउंडमध्ये अर्धं खरं चॉकलेट मिसळण्याची पद्धत सर्रास दिसते. कोको बटर आणि पाम कर्नलची चरबी एकमेकांशी जुळत नाहीत. दोन्ही मिळून मऊ पडतात, कवच नीट गोठत नाही आणि लवकर पांढरं पडतं. काय वापरायचं ते एक ठरवा.

वितळवायचं कसं? कंपाउंड ३५० ते ४०० ग्रॅम घ्या. एवढं सगळं बॉलना लागत नाही, पण भांड्यात खोली राहायला हवी. सारखे बारीक तुकडे करा. पातेल्यात दोन बोटं पाणी उकळून गॅस बंद करा, आणि पातेल्याच्या तोंडापेक्षा मोठं, पूर्ण कोरडं भांडं त्यावर ठेवा. भांड्याचा तळ पाण्याला टेकायला नको आणि कडेने वाफ वर यायला नको. मायक्रोवेव्ह असेल तर अर्ध्या शक्तीवर ३० सेकंद, बाहेर काढून ढवळणं, पुन्हा ३० सेकंद. मायक्रोवेव्हमध्ये तुकडे वितळले तरी आकार धरून राहतात, त्यामुळे ‘अजून झालं नाही’ असं वाटून आपण जास्त तापवतो आणि चॉकलेट करपतं. ढवळल्याशिवाय निर्णय घेऊ नका. मिल्क आणि व्हाइटला आणखी जपा.

पाण्याचा एक थेंबही चॉकलेटचं वाटोळं करू शकतो. चॉकलेटमध्ये साखरेचे आणि कोकोचे अतिसूक्ष्म कोरडे कण चरबीत तरंगत असतात. थेंबभर पाणी पडलं की साखर ओली होऊन कण एकमेकांना चिकटतात आणि मऊसूत चॉकलेटचा घट्ट, रवाळ गोळा होतो. त्यामुळे ओला चमचा, ओलं भांडं, पाण्यातले रंग, इसेन्स, यातलं काही चॉकलेटला लावायचं नाही. स्वाद हवा तो केकमध्ये घाला. कवचाला रंग द्यायचा असेल तर तेलातले रंग मिळतात. पातळ करायचं असेल तर २०० ग्रॅमला एक छोटा चमचा शुद्ध खोबरेल किंवा रिफाइंड तेल पुरतं. दूध नाही आणि लोणीही नाही, कारण लोण्यात पाणी असतं. चॉकलेट आवळलंच तर फेकू नका. त्यात गरम दूध किंवा क्रीम घालून गनाश करा आणि पुढच्या खेपेच्या चुऱ्याला वापरा.

वितळलेलं चॉकलेट उंच, अरुंद भांड्यात ओता. जाड काचेचा पेला असेल तर उत्तम, स्टीलचा मोठा फुलपात्रासारखा पेलाही चालेल. पसरट वाटीत बॉल अर्धाच बुडतो आणि मग त्याला लोळवावं लागतं. कंपाउंड ओठाला लावलं तर किंचित कोमट लागावं. चटका बसत असेल तर थांबा. गोळा पेल्यात सोडा, काट्याने एकदा खाली दाबा आणि लगेच खालून उचला. काटा पेल्याच्या काठावर हलकेच टक्‌टक्‌ आपटा. वरचं जास्तीचं चॉकलेट लाटेसारखं खाली उतरतं आणि काट्याच्या फटींतून गळतं. ते गळणं थांबलं की काट्याचा तळ काठावर एकदा पुसा, मगच बॉल बटर पेपरवर सरकवा. काट्याखाली थेंब लोंबत राहिला तर बॉलभोवती चॉकलेटचं थारोळं साचतं. काट्याच्या टोकाचा डाग राहिला तर त्यावर लगेच कापलेला पिस्ता टाका. हे सगळं काही सेकंदांचं काम आहे. गोळा चॉकलेटमध्ये रेंगाळता कामा नये.

पॉप करायचे असतील तर कागदी काडीचं टोक अर्धा इंच चॉकलेटमध्ये बुडवून गोळ्याच्या मध्यापर्यंतच खुपसा. आरपार नको. दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवून ते चॉकलेट घट्ट होऊ द्या आणि मग बुडवा. सरळ आत घालून सरळ बाहेर काढा, आत गोल फिरवलं की गोळा काडीवरून सुटतो.

सजावटीबद्दल थोडक्यात. कवच ओलं असतानाच टाकलेलं वर चिकटतं. सुकं खोबरं, भाजलेल्या तिळाचे दाणे, कुटलेली चिक्की, वाळवलेल्या गुलाबपाकळ्या, जे आवडेल ते. चिक्की वरूनच घाला, आत घातली तर ओलाव्याने विरघळते. आंब्याची चव हवी असेल तर ताजा रस नको, आटवून घट्ट केलेला आमरस घ्या आणि तेवढं कंडेन्स्ड मिल्क कमी करा. वेलदोडा आणि भाजलेला खवा घातलेला गोळा डार्क कवचात फार सुंदर लागतो. नाचणीच्या केकचेही करून पाहा, त्याचा खमंगपणा डार्क चॉकलेटबरोबर खुलतो.

तरीही एखादा बॉल तडकला, तर तो हवेच्या तापमानाला पूर्ण येऊ द्या आणि मगच चॉकलेटचा दुसरा पातळ हात द्या. किंवा चिरेवरून चमच्याने आडव्यातिडव्या रेघा ओढा.

कंडेन्स्ड मिल्कचे बॉल थंडीत दोन-तीन दिवस बाहेर राहतात. दमट हवेत किंवा उन्हाळ्यात फ्रिजमध्ये ठेवा आणि आठवड्याच्या आत संपवा. गनाशचे आणि क्रीम चीजचे कोणत्याही ऋतूत फ्रिजमध्येच. आगाऊ तयारी करायची असेल तर न बुडवलेले गोळे हवाबंद डब्यात फ्रीजरला महिनाभर चांगले राहतात. आदल्या रात्री खाली फ्रिजमध्ये उतरवायचे आणि दुसऱ्या दिवशी बुडवायचे. फ्रिजमधून तयार बॉल काढताना डबा लगेच उघडू नका. अर्धा तास बंदच बाहेर ठेवा, म्हणजे दव डब्याच्या बाहेरच्या बाजूला धरेल. उघड्या बॉलवर ते धरलं तर वरची साखर विरघळते, पाणी सुकल्यावर तिचेच पांढरट, खरखरीत डाग उरतात. हा डाग बोटाने चोळला तर तसाच राहतो. चरबीचा डाग बोटाच्या उबेने पुसला जातो. यावरून चूक ओलाव्याची आहे की तापमानाची, ते घरच्या घरी ओळखता येतं.

लहान मुलांच्या वाढदिवसाला करणार असाल तर माझी कळकळीची विनंती आहे. चार वर्षांखालच्या मुलांच्या हातात अख्खा बॉल देऊ नका. गोल, घट्ट घास घशात अडकू शकतो. चार तुकडे करून द्या, आणि धावपळ करताना काडीचा पॉप तोंडात नको. पाहुण्या मुलांपैकी कुणाला शेंगदाणे, काजू, बदाम सोसत नाहीत का, हेही आधी विचारून घ्या.

आणि कुणी घरून विकायचा विचार करत असेल, तर आधी एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी करा, ती ऑनलाइन होते. डब्यावर केल्याची तारीख, कधीपर्यंत खायचं ते, आणि अंडं, दूध, गहू, सुकामेवा यातलं काय आहे ते स्पष्ट लिहा. दर ठरवताना खोके, काड्या आणि गॅस-विजेबरोबर स्वतःच्या वेळेचाही हिशेब धरा. आपल्या बायका तो हमखास सोडून देतात.

पेल्यात शेवटी जे चॉकलेट उरतं, त्यात चुऱ्याचे कण असतात. ते बारीक गाळणीतून गाळून बटर पेपरवर पातळ पसरा आणि गोठलं की तुकडे करून डब्यात भरा. कंपाउंड असेल तर पुढच्या वेळी नव्यात मिसळून पुन्हा वापरता येतं. गाळणीत राहिलेले चॉकलेटी कण गरम दुधात टाका आणि घरातल्या धाकट्यांना द्या.